आजींच्या पायमशीनची वही

४ नोव्हेंबर

शिलाई मशीन दुरुस्तीला आलं. सिंगर, १५के, पायडलचं. बिडाचं स्टँड, लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना दोन-दोन खण, डोकं आत मुडपून वर झाकण टाकता येईल असं. नातीने काम एका वाक्यात सांगितलं: "शिवलं पाहिजे, पण नवं दिसायला नको." ऐकायला सोपं, करायला त्रासाचं. पॉलिश मारून चकचकीत करणं दोन दिवसांचं काम असतं.

पाट्यावर (खालचा सपाट भाग) उजवीकडे कोरलेल्या नंबराची सुरुवात ई-एच या अक्षरांनी. म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, १९५०-५१च्या सुमाराचं. खांबावरच्या पितळी बिल्ल्याला निळी कड आहे आणि तिच्यावर १८५१–१९५१ ही वर्षं. कंपनीच्या शताब्दीला काढलेला बिल्ला. दोन्ही पुरावे जुळले. १५ वर्गाचा मूळ आराखडा मात्र १८७९चा, त्यामुळे आतल्या रचनेत अनोळखी काही नाही.

हातचाक एक अष्टमांश फिरतं आणि अडतं. जोर लावला नाही. अडलेलं चाक दोन हातांनी ओढलं तर जाड भागांना काही होत नाही, आतली एखादी बारीक पिन वाकते आणि नेमकी तीच मिळत नाही. सुई अर्धी तुटून आत राहिलेली. पट्टा सैल, पण सांधा शाबूत.

वहीत तीन रकाने पाडले: मळ, झीज, आजी. मळ काढायचा. झीज मोजून मग ठरवायचं. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे आजींनी स्वतः केलेल्या बदलांत, जे जाईल त्याला नातीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. या आजी मशीन कधी कुणाकडे दुरुस्तीला देत नसत, असं ती म्हणाली. तेव्हा तिसरा रकाना भरणार हे उघड आहे.

५ नोव्हेंबर

आज फक्त पाहणी. एकही स्क्रू सोडला नाही. सगळ्या बाजूंनी फोटो, तिरप्या उजेडातही, कारण समोरच्या उजेडात ओरखडे दिसत नाहीत.

पाट्यावर सुईच्या उजवीकडे टोकदार वस्तूने ओढलेल्या चार बारीक रेघा. सुईच्या भोकाच्या मध्यापासून अंतरं: ६, १०, १६ आणि ३८ मिमी. पहिल्या तीन शिवणीच्या माया सोडण्यासाठी, हे सरळ आहे. चौथी इतकी लांब का, ते बघायचं. पट्टी धरून ओढलेल्या आहेत; कुठेही हात थरथरलेला नाही. रकाना: आजी.

पाट्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात काळा रंग तळहाताएवढा गेलेला, खालचं बीड उघडं आणि गुळगुळीत. कापड सरकवताना डावा तळहात टेकतो ती जागा. गंज अजिबात नाही. रोज हात फिरणाऱ्या जागेला गंज धरत नाही. झीज की आजी? दोन्हीत लिहिलं.

पायडलच्या जाळीवरचा रंग उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या भागात गेलाय. उजवा पाय पुढे, डावा मागे, अशी बैठक. दोन्ही पाय शेजारी ठेवून चालवणाऱ्याच्या पायडलवर पुढची कड सारखी झिजते. पाय असे मागे-पुढे असले की चाक उलटं जात नाही, टाचेने थांबवता येतं, आणि थांबल्यावर दिशा चुकून धागा तुटण्याची भानगड कमी होते. नवशिक्याला हे सांगून कळत नाही, पायाला कळावं लागतं.

मशीनच्या हातावर (वरचा आडवा भाग) कापडी पॅड नाडीने बांधलेलं, टाचण्या खोचायला. नाडीची गाठ मागच्या बाजूला, म्हणजे कापड अडकणार नाही.

७ नोव्हेंबर

अडलेलं सोडवणं. मुखपट्टी आणि वरच्या हातावरचं झाकण काढलं. आत सुईदांडीवर आणि टेक-अपच्या (वरचा धागा खेचून घेणारा दांडा) सांध्यांत तपकिरी, काचेसारखा कडक थर. हे मशीनचं तेल नव्हे. खनिज तेल वर्षानुवर्षं पडून राहिलं तर घट्ट होतं, पण सहसा असं वार्निश होत नाही. खाण्याचं तेल होतं. कुणीतरी घरातल्या बाटलीतलं घातलंय. खाली शटलच्या (खालचा धागा गुंफणारा भाग) बाजूला मात्र हा थर नाही, तिथे जुनं मशीनचं तेलच आहे. खालच्या भागाला तेल द्यायला डोकं मागे पाडावं लागतं हे माहीत असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन वेगळ्या हातांचं काम दिसतं. रकाना: मळ.

पद्धत: आधी केस वाळवायच्या यंत्राने सुईदांडीचा भाग पाच-सात मिनिटं गरम केला, हाताला सोसेल इतकाच. यंत्र बंद करून बाजूला ठेवलं, लोखंड कोमट झाल्यावर सांध्यांत रॉकेलचे दोन-दोन थेंब. दोन्ही एकाच वेळी करायचं नाही. गरम हवा आणि रॉकेलची वाफ एकत्र नको. रॉकेल बाहेरच्या रंगावर, विशेषतः सोनेरी नक्षीवर ओघळू दिलं नाही. खाली चिंधी धरली. रात्रभर तसंच ठेवलं.

८ नोव्हेंबर

सकाळी चाक अर्धं फिरलं. पुन्हा तेच: उष्णता, थांबणं, रॉकेल, मागे-पुढे हलकं हलवणं. दुपारी पूर्ण फेरी झाली, पण एका जागी रेटा लागतो. असं फेरीत एकाच जागी अडत असेल तर थर नव्हे, काहीतरी अडकलेलं शोधायचं. हातचाक काढलं. मागे दांड्यावर काळा आणि पांढरा धागा मिळून बोटाएवढं वेटोळं, पिळून वायरसारखं झालेलं. बॉबिन भरताना निसटलेला धागा दरवेळी इथेच जातो. ब्लेडने न कापता सुईच्या टोकाने उलगडला, कारण ब्लेडने दांड्यावर चर पडतो. चाक मोकळं.

रॉकेल थर विरघळवतं, पण वंगणाचं काम करत नाही. ते उडून गेलं की धातूवर धातू घासतो. म्हणून लगेच प्रत्येक भोकात आणि सांध्यात मशीनचं तेल, चाक पन्नास फेऱ्या, तपकिरी पाणी बाहेर, पुसणं, पुन्हा तेल. तिसऱ्या वेळी स्वच्छ तेल बाहेर आलं.

११ नोव्हेंबर

खालची बाजू. नीडल प्लेट काढली. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे तंतू दाबून दाबून नमद्यासारखा ४ मिमी जाडीचा थर झालेला. तो सलग निघाला. आडवा कापल्यावर रंगांच्या पट्ट्या दिसतात: तळाला खाकी, मग पांढरा बराच, एक पातळ लाल, वर निळा आणि पांढरा मिसळलेला. जे शिवलं गेलं ते ओळीने. मळच आहे, काढावाच लागतो, कारण थर चढला की दाते पूर्ण खाली जात नाहीत आणि कापड परतीच्या वेळीही धरून राहतात. टाका लहान-मोठा होतो. तुकडा पाकिटात ठेवला. नातीला हवा तर घेईल.

आता दाते सर्वांत वर असताना प्लेटच्या वर १ मिमीच्या आसपास येतात. ठीक. टोकं अजून धारदार.

बॉबिन केस, मग रेसची (शटल फिरतं ती गोल वाट) कडी सोडवून शटल बाहेर काढलं. शटलच्या टोकाला बोटाच्या नखाने तपासलं: नख अडकेल असा ओरखडा नाही. रेसमध्ये एकच तुटकं सुईचं टोक, १ मिमीचं. हे राहिलं असतं तर नव्या सुईने शिवताना खटखट आणि तुटका धागा, आणि दोष गेला असता टेन्शनवर, म्हणजे धाग्याच्या ताणावर. रेस पुसून तेलाचा एकच थेंब. इथे जास्त तेल म्हणजे पुढच्या कापडावर डाग.

टायमिंगला हात लावला नाही. या वर्गात शटलची वेळ आपोआप सहसा हलत नाही. टाका सुटतो तेव्हा शंभरातल्या बहुतेक वेळा सुई चुकीची, उलटी किंवा पूर्ण वर न गेलेली असते.

१३ नोव्हेंबर

टेन्शन. सगळा दिवस यात गेला, आणि जावा असंच होतं.

मशीन आलं तेव्हा वरच्या टेन्शनच्या नटाचा आकडा १ वर होता. सुती कापडावर मधल्या शिवणीला या मशीनचा आकडा साधारण ३ ते ५ मध्ये असायला हवा. खोलल्यावर शंकूच्या आकाराची स्प्रिंग हातात आली ती आखूड. बाहेरच्या टोकाचा जवळजवळ दीड वेढा कापलेला, आणि कापलेलं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलेलं, चकती खरवडू नये म्हणून. काम अतिशय नीट. पण का?

उत्तर बॉबिन केसमध्ये मिळालं. बाजूच्या पातळ पट्टीच्या स्प्रिंगखाली गुंतलेला धाग्याचा जुना तुकडा, बाहेरून दिसत नाही असा. त्याने पट्टी किंचित उचललेली. बॉबिनचा धागा म्हणून जवळजवळ विनाताण सुटत होता. खालचा ताण कमी झाला की वरचा धागा त्याला ओढून घेतो, आणि खालच्या धाग्याच्या गाठी कापडाच्या वरच्या बाजूला दिसतात. आजींनी दोन्ही ताण बरोबरीला आणले, वरचा कमी करून. नट सैल केला, पुरलं नाही, स्प्रिंगच कापली. शिवण वरून-खालून सारखी दिसली असणार. पण दोन्ही धागे सैल, म्हणजे शिवणीला आडवं ओढलं की ती फाकते आणि धाग्याची शिडी दिसते. ताणाची बरोबरी आणि ताणाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिकलेले लोकही पहिली साधली की थांबतात.

हा तिसऱ्या रकान्यातला पहिला बदल जो परतवावा लागेल. कारागिरी उत्तम, निदान चुकलेलं. तसा दोष नाही: पट्टीखालचा धागा पाहायचा तर १ मिमी रुंद खाचेचा पेचकस लागतो आणि तो छोटा स्क्रू उडून हरवला की मशीन बंद. तेव्हा तो पेचकस त्यांच्याकडे नसावा असं आज लिहून ठेवतो. (२८ तारखेची नोंद पाहा.)

बॉबिन केसचा स्क्रू पांढऱ्या कापडावर, ट्रेमध्ये सोडला. पट्टी साफ केली, धागा काढला, परत बसवली. तपासणी: भरलेली बॉबिन घालून केस धाग्याने लोंबती धरायची. आपोआप खाली सरकू नये. मनगटाने हलका हिसका दिल्यावर ३-४ सेंमी उतरून थांबावी. सरकली तर स्क्रू उजवीकडे, अजिबात हलली नाही तर डावीकडे, एका वेळी फेरीच्या आठव्या भागाइतकाच.

खालचा ताण बरोबर झाल्यावर कापलेली स्प्रिंग अर्थातच पुरेना. नट ८ पर्यंत आवळावा लागतो आणि पुढे जागा उरत नाही. नातीला विचारलं. नवी स्प्रिंग घालायची, जुनी पाकिटात नाव घालून ठेवायची.

जुळवणीत दोन चुका नेहमी होतात. चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे आल्या पाहिजेत; उलट्या बसल्या तर धागा कडेला धरला जातो, मध्ये नाही. आणि फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलल्यावर चकत्या सैल करणारी बारीक पिन विसरते. ती पडली की फूट वर असतानाही धागा सैल सुटत नाही, ओढला की सुई वाकते. धागा सैल सोडवणारी ही पिन जमिनीवर पडली की सुईसारखीच दिसते, म्हणून केर काढण्याआधी मोजणी.

१६ नोव्हेंबर

हातचाकाचा क्लच. बॉबिन भरताना मधला नट सैल केला की सुई थांबायला हवी. इथे थांबत नव्हती. मधल्या वायसरला बाहेर तीन कान आणि आत दोन वळवलेल्या जिभा असतात. जिभा बाहेरच्या दिशेला हव्यात. तशा होत्या, तरी नट सुटेना. वायसर अर्धी फेरी फिरवून बसवला, चालू झालं. दोनच जागा असतात, एक चुकीची. दहा मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर लोक नटाला पान्याने फिरवतात.

बॉबिन भरायच्या चाकावरची रबरी कडी मूळ नाही. सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या दोन कड्या एकावर एक, सांधा नाही, ट्यूब आडवी कापून आपोआप मिळणारं वर्तुळ. व्यवस्थित धरतात, घसरत नाहीत. बदलायचं कारणच नाही. वाहनांच्या ट्यूबचं रबर उन्हाला बऱ्यापैकी तग धरतं. फक्त त्यावर तेल पडू द्यायचं नाही. रकाना: आजी. राहणार.

१९ नोव्हेंबर

बाहेरची सफाई. या काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी पातळ पारदर्शक थराखाली असते. स्पिरिट तो थर खातं. अमोनिया असलेली काचेची द्रावणं आणि साबणाचं पाणीही नक्षी चंदेरी पाडतं. म्हणून कापसाला मशीनचं तेल, लहान गोल फिरवत, काळा मळ आला की कापूस बदल. तीन तास, एका हाताएवढी जागा. घाई करायची जागा नाही.

पॅड काढलं. खाली नक्षी नवी कोरी, रंग गडद, कडेपर्यंत. बाकी हातावर तीच नक्षी पिवळट, घासलेली. पॅडच्या आयताचा ठसा इतका स्पष्ट आहे की ते सुरुवातीपासून एकाच जागी बांधलं गेलं हे कळतं.

पॅडचा एक कोपरा उसवलेला. आत भरण केसांचं आहे. विंचरताना निघालेले केस जमवून टाचण्यांचं पॅड भरायची पद्धत जुनी. केसांत उरलेल्या तेलाने टाचण्या गंजत नाहीत, आणि कापसासारखे ते दबून घट्ट होत नाहीत. टाचण्या सतरा, एकही गंजलेली नाही. नातीला फोन करून सांगितलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, होतं तिथेच बांधा. उसवलेला कोपरा सहा टाक्यांत बंद केला, धुतलं नाही. म्हणजे सगळ्यात सुंदर नक्षी पुन्हा झाकली गेली. असू दे, त्यामुळेच टिकली.

पाट्यावरचा गेलेला रंग भरला नाही. उघड्या बिडावर मेणाचा पातळ हात दिला, एवढंच. दमट हवेत पडून राहिल्यास तिथून गंज सुरू होईल. वापरात राहिल्यास नाही.

२३ नोव्हेंबर

स्टँड. पायडल दोन्ही बाजूंना शंकूच्या टोकाच्या स्क्रूंवर टेकलेलं असतं. उजवीकडचं टोक जास्त झिजलेलं, म्हणून पायडल उजवीकडे एक-दीड मिमी सरकायचं आणि प्रत्येक फेरीला टक आवाज. पाहणीत दिसलेल्या बैठकीशी हे जुळतं: जोर उजव्या पायाचा. स्क्रू अर्धी फेरी आत, लॉकनट आवळला. पायडल हाताने खाली दाबून सोडलं तर आपोआप डोलत थांबलं पाहिजे. लगेच थांबलं तर स्क्रू जास्त आवळलाय.

पायडलपासून मोठ्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या खालच्या सांध्यात कातड्याची वायसर, जुन्या पट्ट्यातून कापलेली, आवाज दाबायला. चांगली युक्ती, पण कातड्यात वाळूचे कण रुतून ती कानस झालीय. तिने धातू खाल्लाय. नवीन कातड्याची तशीच कापली: बाहेर १८ मिमी, आत ८, जाडी ३, रात्रभर तेलात भिजवून. वर्षातून एकदा काढून पाहावी लागेल. जुनी पाकिटात.

लाकडी टेबलावर गरम भांड्याचा एक पांढरा गोल. मेण आणि चिंधी. जितका गेला तितका गेला.

२५ नोव्हेंबर

पट्टा. गोल कातडी, जाडी ५ मिमी, लांबी १८२ सेंमी. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्याबरोबर तारेची क्लिप असते: टोकापासून ५ मिमीवर भोक, क्लिप घालून पक्कडीने दाबायची. झटपट काम, पण क्लिपचं टोक वर राहिलं तर कपड्याचा काठ आणि घोटा दोन्ही ओरखडतं, आणि चाकाच्या खाचेवरून जाताना दर फेरीला ठेचकाळतं.

आजींच्या पट्ट्याला क्लिप नाही. दोन्ही टोकं तिरपी कापून, ३५ मिमी एकमेकांवर घेऊन, मेणाच्या दोऱ्याने शिवलेली. सांध्याजवळ जुन्या भोकांच्या तीन रांगा. पट्टा ताणला की त्यांनी उसवून, कापून, पुन्हा शिवलाय. तीन वेळा. ताणल्यावर क्लिपवाल्या पट्ट्याचं काम दोन मिनिटांचं, या पद्धतीचं अर्ध्या तासाचं. ते त्यांनी पत्करलं.

जुना पट्टा कोरडा पडून भेगाळलाय, वापरता येणार नाही. नवा घातला, सांधा त्यांच्याच पद्धतीने. लक्षात ठेवण्यासारखं:

पट्टा टेबलाच्या दोन भोकांतून आणि स्टँडच्या मार्गदर्शक कडीतून जातो, म्हणून आधी ओवून मग जागेवर बसूनच शिवावा लागतो. बाहेर शिवून आणलेला पट्टा घालताच येत नाही. आम्ही पहिल्यांदा हेच केलं.

तिरपा काप असा, की पातळ टोक चाकावर जाताना मागे राहील. पुढे असेल तर दर फेरीला उचकटतं आणि आठवड्यात सुटतं. वरचं चाक बसणाऱ्याच्या दिशेने फिरतं, त्यावरून दिशा ठरवायची.

सांध्याची जाडी पट्ट्याइतकीच हवी. आरीने भोकं पाडून टाके कातड्यात रुतवायचे, वर ठेवायचे नाहीत; नाहीतर खाचेत दोराच झिजतो. ३५ मिमीत नऊ टाके, जुन्या सांध्यावर मोजून.

ताण: दोन्ही बाजू बोटांनी मधे दाबल्यावर दीड-दोन सेंमी जवळ याव्यात. घट्ट पट्ट्याने मशीन जड चालतं आणि लोक तेलाला दोष देतात.

२८ नोव्हेंबर

खण. डावीकडचे रिकामे. उजव्या वरच्या खणात बॉबिन, काजाची पट्टी, खडू. खालच्या खणात डबा: आरी, मेणाचा गोळा, मेणाच्या दोऱ्याचं रीळ, सुयांची पाकिटं, आणि पेचकस. सायकलचा स्पोक कापून, टोक ठोकून चपटं करून, दगडावर घासून १ मिमीला आणलेला. मूठ लाकडाची, भोक पाडून स्पोक आत गरम करून बसवलेला. बॉबिन केसच्या स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसतो. १३ तारखेचं आमचं अनुमान खोटं ठरलं. पेचकस त्यांच्याकडे होता. कदाचित स्प्रिंग कापल्यानंतर बनवला असेल, कदाचित त्याने स्क्रू फिरवून पाहिला असेल आणि पट्टी पूर्ण काढली नसेल. स्क्रूच्या डोक्यावर एकही ओरखडा नाही, एवढंच सांगता येतं.

खण बाहेर काढल्यावर त्याच्या मागच्या फळीवर पेन्सिलने "तेल" आणि खाली रेघा, पाचाचे गट. चव्वेचाळीस पूर्ण गट आणि तीन रेघा: २२३. किती दिवसांनी एक, ते लिहिलेलं नाही. पुसायचं नाही, वार्निश लावायचं नाही. मेणसुद्धा नाही, त्याने शिसं पसरतं.

२ डिसेंबर

चाचणी. सुई १५x१, हल्ली पाकिटावर १३०/७०५ असंही लिहिलेलं असतं, आकार ९०/१४. दांड्याची चपटी बाजू शटलकडे. धागा लांब खाचेच्या बाजूने आत. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू. वरून काळा धागा, खालून पांढरा, म्हणजे गाठ कुठे पडते ते दिसतं.

पहिली शिवण: खाली काळ्या धाग्याची वेटोळी. लगेच टेन्शन फिरवायचं नाही. खाली वेटोळी म्हणजे वरचा धागा चकत्यांमध्ये गेलेलाच नाही. फूट खाली ठेवून ओवला होता. फूट वर करून पुन्हा ओवला, गेलं.

नट ४ वर: गाठ दोन पदरांच्या मधे. शिवण आडवी ओढली, फाकत नाही. तिरप्या कापडावर ताणली, धागा तुटत नाही. टाक्याच्या लांबीचा लिव्हर १२ वर ठेवून एक इंचात टाके मोजले: १२. ६ वर ठेवून: ६. उलटं शिवताना टाका किंचित लहान, चालेल. जाड कापडाचे चार पदर सुई १००/१६ ने पार. पायडलच्या एका पूर्ण फेरीला जवळपास चार टाके.

६ डिसेंबर

३८ मिमीच्या रेघेचा उलगडा. जुन्या चादरीचा काठ दुमडून शिवताना दुमडलेली कड त्या रेघेला लावून चालवली: काठ बरोबर दीड इंच. चादर, परकर, पडदा यांचा रुंद काठ टाचण्या न लावता, न मोजता. सुईपासून इतक्या लांबची खूण नजरेने धरायला अवघड, पण ती पाट्यावर असल्याने दुमडलेली कड उजव्या हाताच्या बोटाखालीच येते. रेघेचा शेवट किंचित झिजलाय, बोट तिथे टेकतं म्हणून.

मशीन नातीकडे पोचवलं. सोबत पाकीट: कापलेली स्प्रिंग, कातड्याची वायसर, भेगाळलेला पट्टा, रंगांच्या पट्ट्यांचा तंतूंचा तुकडा, प्रत्येकावर कुठून काढलं ते. आणि एक कागद: रोज वापर असेल तर आठवड्याला तेल, वरची भोकं आणि डोकं मागे पाडून खालचे सांधे, प्रत्येकी एक थेंब, मग चिंधीवर एक शिवण, तेल निथळायला. घरातलं दुसरं कुठलंही तेल नाही. नवा पट्टा पहिल्या दोन आठवड्यांत ताणेल, तेव्हा कळवा.

१९ डिसेंबर

पट्टा घसरतोय असा निरोप. वरचं चाक थांबतं, पाय चालूच राहतो. ८ मिमी कापावे लागतील. कधी येऊ विचारलं. आरी आणि मेणाचा दोरा कुठल्या खणात ठेवलात, एवढंच तिने विचारलं.

उजवा, खालचा.